समोरच्या दुकानाची पाटी

११ जानेवारी

मिरे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता डाव्या हाताने लिहिला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाईला मुद्दाम वाकडं अक्षर काढताना काय यातना होतात, ते तुला कळायचं नाही. असो. आता फोडलंच आहेस, तर वाच.

काल रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली. मी एका पाटीला अस्तराचा पहिला रंग देत होते आणि तुझा दादा शेजारी बसून रंग घोटत होता. तुझा आवाज आला तसा त्याचा हात थांबला. मी बंद करायला उठले, तर म्हणाला, "राहू दे." मग आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. दारूबंदीने दारू बंद होत नाही, लोक फक्त चोरून प्यायला लागतात, असं तू म्हणालीस. माझा मुलगा दारूने नाही गेला, भीतीने गेला, असंही म्हणालीस. छान बोललीस. शाळेत निबंध मी लिहायचे आणि वर्गासमोर वाचून तू दाखवायचीस, ते आठवलं. मला तुझा अभिमान वाटला आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे अस्तर पाटीच्या बाहेर गेलं.

लंबूविषयी मी तुला काय सांगणार? तो तुझा मुलगा होता, पण माझाही भाचा होता. सुट्टीत आमच्याकडे यायचा आणि शिडी न घेता भिंतीवर वरची रेघ आखून द्यायचा. त्याच्या मित्रांनी कुठूनतरी ती बाटली आणली, तो प्यायला, सकाळी उठून म्हणाला मला सगळं पांढरं दिसतंय. आणि त्या पोरांनी खोलीला आतून कडी घालून वाट पाहिली, कारण दवाखान्यात नेलं तर पोलीस धरतील. त्यांना तू माफ केलेलं नाहीस. मीही नाही केलं.

पण मिरे, रेडिओवर तू अर्धीच गोष्ट सांगितलीस. तुझा सख्खा भाऊ ह्याच बंदीमुळे जिवंत आहे, हे कुठे सांगितलंस? बंदीआधी सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याचा हात स्थिर व्हायचा नाही. दोन घोटांत अक्षर मोत्यासारखं यायचं, मग तिसरा, मग चौथा, आणि दुपारनंतर पाटी मी पूर्ण करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, वरचं अक्षर जरा वेगळं वाटतंय. मी म्हणायचे, उन्हामुळे वाटतं. एकदा तो परांचीवर, म्हणजे भिंतीला बांधलेल्या फळ्यांवर, झोपून गेला होता आणि खाली माणसं जमली होती. तुला हे मी तेव्हा सांगितलं नाही. मग बंदी आली. पहिले काही आठवडे त्याचे कसे गेले, ते मी बोलत नाही. पण नंतर त्याचा हात आपोआप स्थिर झाला. त्याच्यात काही मोठा निग्रह होता असं नाही गं. घरी यायच्या वाटेवर दुकान नव्हतं, म्हणून तो घरी आला. इतकं साधं आहे ते.

दोन वर्षांपूर्वी तू दारात आलीस तेव्हा मी हेच म्हणत होते. तुला तो व्यासपीठावर शेजारी हवा होता. दारूबंदीने सावरलेला माणूसच बंदी उठवा म्हणतोय म्हटल्यावर लोक ऐकतील, हे मलाही कळत होतं. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, ह्या घरातून तुला माणूस मिळणार नाही. तू पायरीवरूनच फिरलीस, आणि तेव्हापासून फोनही उचलत नाहीस. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा आलीस तर पुन्हा आडवी उभी राहीन.

पुढच्या महिन्यात बंदीवर मतदान आहे. बंदी उठली तर काय होईल, ह्या विचाराने मी आतून पोखरून निघालेय. म्हणून लिहिलं. तुझं म्हणणं बदलावं म्हणून नाही. एकदा येऊन त्याला नुसतं बघून जा. बोलायला हवंच असं नाही.

तुझी वहिनी, आणि त्याच्या आधीची मैत्रीण

१६ फेब्रुवारी

नणंदबाई,

जिंकलात. अभिनंदन!

पेपरात तुमचा फोटो आलाय. हसत नाही आहात त्यात, एवढं मात्र बरं वाटलं.

मतदानाला आम्ही दोघं बरोबरच गेलो होतो. रांगेत तो माझ्या पुढे होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुठल्या बाजूला?" म्हणाला, "मतदान गुप्त असतं." मी म्हटलं, "नवरा-बायकोतही?" म्हणाला, "त्यांच्यातच तर असायला हवं." आणि हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी कुठल्या बाजूला दिलं ते तुम्हाला माहीतच आहे, वेगळं काय सांगायचं.

आमच्या समोर ते चपलांचं दुकान होतं ना, बंद पडलेलं? काल तिथे एक माणूस टेप घेऊन मापं घेत होता. मी कुंचले धुताधुता विचारलं, "काय निघणार इथे?" तो म्हणाला, "अहो, आता काय निघणार म्हणता? परवान्याचा अर्ज टाकलाय मी." रस्त्याच्या पलीकडे, मिरे. आमच्या खिडकीतून त्याचा गल्ला दिसेल. दहा पावलंही नाहीत.

तू म्हणशील, माणूस लहान बाळ आहे का? त्याचं त्याला ठरवू दे. मोठ्या लोकांना मोठ्यासारखं वागवा, हे तुझं रेडिओवरचं वाक्य. बोलायला फार सोपं आहे. तुझ्या घरात आता कुणी प्यायचं राहिलं नाही. हे मी लिहायला नको होतं, पण खोडणार नाही. खोडलं तरी तू खालचं वाचशीलच.

मी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. सरकारने जबाबदारी झटकली, तर मी माझा बंदोबस्त केला आहे. काय केला ते विचारू नकोस.

१४ मार्च

मिरे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. "दादा कसा आहे?" एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. वकिलाची नोटीस तरी जास्त मायेने येते.

दादा ठणठणीत आहे.

हल्ली जेवताना तोंड वेडंवाकडं करतो, एवढंच. म्हणतो, सगळ्याला लोखंडाची चव लागते. मी म्हटलं, रंगाच्या डब्यांची झाकणं दाताने उघडायची सवय सोडा. आणि दुपारी त्याला झोप आवरत नाही. हातात कुंचला आणि डोळे मिटलेले. वय झालं, दुसरं काय.

आता खरी बातमी. समोरचा दुकानवाला पाटी करून घ्यायला आला. मी तुला सांगते, माणूस वाईट नाही. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, बोलताना सारखा रुमालाने मान पुसतो. म्हणाला, "मला छापील फ्लेक्स नको. हाताने रंगवलेली पाहिजे. तुमच्या भिंती बघितल्यात मी." आमच्या भिंती म्हणजे कुठल्या, तुला कळलं असेल. बंदीच्या काळात फ्लेक्सवाल्यांनी आमचा धंदा खाल्ला, पण सरकारी काम आम्हालाच मिळायचं. 'दारू विकणे व पिणे हा गुन्हा आहे.' शहरात जिथे जिथे हे लिहिलंय तिथे लाल अक्षर तुझ्या दादाचं आणि काळी किनार माझी. ते पाहून हा दारूचा दुकानदार आमच्याकडे आला! त्यालाही त्यातली गंमत कळत होती. थोडा ओशाळलाच होता.

मी तोंड उघडलं, "आमच्याकडे फार काम आहे," आणि मागून आवाज आला, "करू की."

तो गेल्यावर मी जी सुटले. म्हटलं, "लाज नाही वाटत? ज्याच्यापायी घर बुडायची वेळ आली, त्याची पाटी रंगवणार?"

तो म्हणाला, "अगं, पाटी रंगवायची आहे, प्यायची नाही."

"सगळा दिवस त्या बाटल्यांमध्ये शिडीवर उभं राहायचं तुम्ही?"

"बाटल्या आत असतील. मी बाहेर."

"मी करते ती पाटी. तुम्ही घरी बसा."

मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बंदी होती तेव्हा मी चांगला होतो. आता मी कसा आहे ते मला बघू दे."

मिरे, मला हे बोलणं आवडलं नाही. बघायचं काय आहे त्यात? विस्तवात हात घालून भाजतं का ते कुणी बघतं का? पण तो ऐकेना. उद्या मापं घ्यायला जाणार आहे.

तू विचारलंस म्हणून इतकं लिहिलं. आता तूही चार ओळी लिही. तुझ्या शाळेतल्या पोरांना तरी एका ओळीच्या उत्तराला मार्क देतेस का?

३ एप्रिल

मिरे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

पाटी अर्धी झाली. भिंतीवरच रंगवायची आहे, दुकानाच्या दाराच्या वर, चांगली लांबलचक. आधी खडू लावलेली दोरी ताणून सोडली, सरळ रेघा उमटवल्या, मग अक्षरं आखली. आखणी पाहून मला कबूल करावं लागलं की असं काम माझ्याच्याने कधी झालं नसतं. गडद हिरव्यावर पिवळी अक्षरं आणि त्यांना बारीक पांढरी कड.

पण ती कडच जमत नाहीये त्याला. तुला आठवत असेल, बारीक रेघ ओढताना तो डाव्या हातात एक काठी धरतो, तिच्या टोकाला चिंध्यांची गुंडी असते. ती भिंतीला टेकवायची आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवून रेघ ओढायची. एका दमात. मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. परवा मी खिडकीतून बघत होते. तीनदा ओढली आणि तीनदा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसली. मग शिडीवरच बसला, हाताकडे बघत. घरी आल्यावर म्हणाला, "हात माझा राहिला नाही गं. झोपल्यासारखा झालाय." मी म्हटलं, "पांढऱ्या कडेचं काम मी करते." त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढे बोललेच नाही.

दिवसभर मी खिडकीशी असते. माझी कामं पडली आहेत. दुकान उघडलंय, माल लागलाय, येणारे-जाणारे येतात-जातात. मला वाटलं होतं धिंगाणा होईल. तसं काही नाही. लोक येतात, पिशवीत घालून नेतात. आपली ती निवृत्त हेडबाईसुद्धा आली होती, आणि मला बघून हात हलवून गेली! बंदीच्या काळात ती कुठून आणत होती, देव जाणे. दुकानवाला तुझ्या दादाला पाणी आणून देतो, शिडी धरतो. आतलं काही देऊ करत नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघते आहे म्हणून सांगते.

कधी कधी मनात येतं, तू म्हणतेस तेच खरं असेल. एवढी सगळी माणसं शहाण्यासारखी घेऊन घरी जातात, त्यांना आपण इतकी वर्षं गुन्हेगार केलं होतं. आणि मग मी शिडीवरच्या माणसाकडे बघते. त्या सगळ्यांच्या मोकळेपणापेक्षा हा एक माणूस मला जड आहे. तुला तुझा लंबू जड होता तसाच. तू त्याच्यापायी कायदा बदललास, मी ह्याच्यापायी तो ठेवला असता. कायदे करणाऱ्यांनी अशा दोघींना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं. पण त्यांनी तरी काय केलं असतं?

पाटी पूर्ण झाली की मी सुटले.

९ एप्रिल

मिरे,

दादाला दवाखान्यात ठेवलं आहे. काळजीचं कारण नाही. शिडीवरून उतरताना चक्कर आली. ऊन फार आहे. दोन दिवसांत सोडतील.

घाबरून धावत येऊ नकोस.

१८ एप्रिल

मिरे,

गेल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. त्याआधीच्या पत्रांतही निम्मंच खरं होतं. हे पत्र मात्र बसून वाच.

मतदानाचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी बाजारातल्या औषधवाल्याकडून गोळ्या आणल्या. चिठ्ठी नव्हती. तो म्हणाला, ही गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर त्याला इतका त्रास होतो की पुन्हा बाटलीला हात लावत नाही. मी म्हटलं, द्या. रोज सकाळी कुटून चहात घालायचे, आलं जास्त टाकून. तुझ्या दादाला पत्ता नव्हता. माझा बंदोबस्त म्हणाले होते ना, तो हा.

तोंडाला लोखंडाची चव त्या गोळीची होती. दुपारची झोपही गोळीचीच. आणि पांढरी कड ओढताना हात झोपल्यासारखा होत होता तोही, डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक तिच्यामुळेच. मला अंदाज येत नव्हता असं मी म्हणणार नाही. मी तुला "वय झालं" असं लिहिलं, तेव्हा माझं मलाच ते पटवायचं होतं.

त्या दिवशी दुपारी शेवटचं अक्षर राहिलं होतं. कड चारदा पुसली. मी चपला शोधत होते, जाऊन कुंचला हातातून घ्यावा म्हणून, तोवर तो शिडीवरून उतरून आत गेला. नंतर दुकानवाल्याने सांगितलं. तुझा दादा म्हणाला होता, "मला एक घोट दे. फक्त घोट. हात बसला की रेघ होईल, पूर्वी व्हायची." त्याने नाही म्हणून पाहिलं. मग दिली. तुझा दादा घोट पिऊन बाहेर आला, शिडी चढला आणि कड ओढली. एका दमात, अगदी सरळ. मी खिडकीतून बघितली आणि मला आनंद झाला, मिरे! मला वाटलं, हात आला.

तो उतरून रंगाच्या डब्यावर झाकण लावत होता, तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला. ओकला. छाती धरून खाली बसला आणि आडवा झाला. मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत दुकानवाल्याने त्याला उचलून आपल्या टेंपोत घातलंसुद्धा होतं. दुकान उघडं टाकून निघाला तो.

आता मी सांगते ते नीट ऐक, कारण ह्याच्यासाठीच मी हे पत्र लिहिते आहे.

दवाखान्याच्या दारातच तो मोठ्याने म्हणाला, "ह्यांनी माझ्या दुकानात घोटभर दारू घेतली, आणि लगेच असं झालं." शिपायाला म्हणाला, नर्सला म्हणाला, डॉक्टरबाईंनाही तेच सांगितलं. आवाज जरासुद्धा खाली नाही. भोवती माणसं होती. आणि मी काय म्हणाले असेन? "नाही हो डॉक्टर. ते घेत नाहीत. कधीच नाही."

कुणी शिकवलं नव्हतं मला. बंदीच्या वर्षांत पोलीस विचारायला आले की हेच म्हणायचं, शेजारीण विचारायला आली की हेच. सुरुवातीला त्याला कुठूनतरी मिळायची, तेव्हाही हेच. जिभेला वळणच पडलं होतं. दुकानवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "वहिनी, अहो, काय बोलताय? मीच दिली ना!"

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण ठाम. म्हणाल्या, "एका घोटाने एवढं होत नाही. छातीत दुखतंय, रक्तदाब खाली चाललाय. हृदयाचं समजून औषध दिलं आणि ते हृदयाचं नसलं, तर रक्तदाब अजून उतरेल. दुसरं काही पोटात गेलंय का? कुठलंही औषध, गोळी?"

मी गप्प.

किती वेळ गप्प होते ते मला माहीत नाही. चार श्वास असतील किंवा चाळीस. मनात काय काय आलं सांगू? चिठ्ठीशिवाय आणली म्हणून पोलीस येतील. त्याला कळेल. तो ऐकतोय, डोळे उघडे आहेत त्याचे. आणि लाज वाटत होती तुझी, की हे तुझ्या कानावर जाईल. माणूस समोर निळा पडत होता आणि मला लाज वाटत होती. आणि मला एकदम ती खोली दिसली, मिरे. आतून कडी घातलेली. त्या खोलीत बसलेली पोरं वाईट नव्हती गं. ती माझ्यासारखीच होती. त्यांनाही लंबू हवाच होता.

मग मी म्हणाले, "मी गोळी देते. दारू सुटायची. रोज चहातून. ह्यांना ठाऊक नाही."

डॉक्टरबाईंनी लगेच वळून नर्सला काय काय सांगितलं, सलाईन लावलं, नाकाला ऑक्सिजन. संध्याकाळपर्यंत रंग आला त्याच्या तोंडावर. मग मला बाहेर बाकावर बसवून म्हणाल्या, "ही गोळी चांगली आहे. पण माणसाला सांगून, त्याने हो म्हटल्यावर द्यायची असते. एक घोटही चालणार नाही हे त्याला माहीत हवं. माहीतच नसेल तर तो थांबणार कसा?" नंतर म्हणाल्या, "वेळेत सांगितलंत."

वेळेत मी नाही सांगितलं. वेळेत त्या दुकानवाल्याने सांगितलं, कारण त्याला लपवायचं काही कारण नव्हतं. परवाना भिंतीवर टांगलाय त्याचा. तू इतके दिवस व्यासपीठावरून ओरडून सांगत होतीस ते हेच होतं, आणि मी रेडिओ ऐकताना तुझी वाक्यं तपासत बसले होते.

जरा सावरल्यावर पहिला दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी छताकडे बघत म्हणाला, "बंदी उठली असं मला वाटलं होतं."

मी रडले. त्याने रडू दिलं. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस, तर मीच रोज मागून घेतली असती गोळी." आणि आणखी एक म्हणाला, ते तुझ्यासाठी लिहिते. मत त्याने बंदी उठवायला दिलं होतं. थोडं तुझ्यासाठी, लंबूसाठी. आणि थोडं स्वतःसाठी. म्हणाला, "दारू मी सोडली की सरकारने सोडवली, हे मला एकदा कळायला हवं होतं. इतके दिवस समोर दुकान उघडं होतं आणि मी गेलो नाही. मला वाटत होतं मी जिंकतोय. आता तेही कळायचं नाही, मी जात नव्हतो की तुझी गोळी जाऊ देत नव्हती." मी सांगितलं, गोळीने तसं होत नाही, प्यायल्याशिवाय ती काही करत नाही, इच्छा मारत नाही, डॉक्टरबाईंना विचारा. त्याने ऐकलं. पटलं की नाही, कोण जाणे.

तू दारात आली होतीस तेव्हा तो आत होता. सगळं ऐकत होता. त्याला व्यासपीठावर यायचं होतं की नाही, मी त्याला विचारलंच नव्हतं. तुलाच परस्पर नाही म्हणून मोकळी झाले.

तू आता मनात म्हणशील, आली ताळ्यावर. तर नाही. उद्या पुन्हा मतदान झालं तर मी बंदीलाच मत देईन. तो घोट रस्त्यापलीकडे मिळाला नसता तर त्याने घेतला नसता, हे मला दिसतंय. पण बंदी असती आणि कुठल्या गल्लीत हे झालं असतं, तर त्याला कुणी उचलून आणलं नसतं, आणि आणलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं, हेही दिसतंय. ह्या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत. तुझ्या-माझ्यासारख्या. कायद्याने एक तरी माणूस वाचतो आणि एक तरी जातो, आणि जो जातो त्याची आई आणि जो वाचतो त्याची बायको एकाच घरातल्या निघाल्या, ह्याला कोण काय करणार?

आम्ही घरी आलो त्याला आता आठवडा होत आला. तो बरा आहे. खरंच बरा आहे, ह्या खेपेला खोटं नाही. गोळी त्याने डॉक्टरबाईंना विचारून स्वतः सुरू केली आहे, थोडी कमी करून. पाकीट त्याच्याच कपाटात असतं. पण माझ्या हातचं तो काही घेत नाही. जेवण मी केलं तरी ताटात स्वतः वाढून घेतो, भांड्यातून, माझ्यासमोर, मी जेवायला लागल्यावर. चहा तर स्वतःच करतो. एक कप. पितो, कप विसळतो, पालथा घालतो आणि कामाला बसतो. रागावलेला नाही. चेष्टासुद्धा करतो अधूनमधून. पण चहा एकच कप. सकाळी तो स्टोव्हपाशी पाठमोरा उभा असतो आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याच घरात, पाहुण्यासारखी बसलेली असते. मला ते सोसवत नाही, मिरे. आणि तक्रार करायला तोंड नाही.

म्हणून सांगते, तू ये. ह्या खेपेला नुसतं बघून जायला नको. राहायला ये. त्याच्याशी जे बोलायचं ते बोल, त्याला कुठे न्यायचं तर ने, मी दारात उभी राहणार नाही. आणि लंबूबरोबरच्या त्या पोरांपैकी एकाचा पत्ता तुझ्याकडे असेल तर मला दे. मला त्याला एक पत्र लिहायचंय. काय लिहीन ते अजून ठरलं नाही.

हे पत्र मी त्याला वाचायला देणार आहे. टाकायच्या आधी. आता ह्या घरातून त्याच्याविषयी काही बाहेर जाईल, ते त्याने वाचल्यावरच जाईल.

तुझी,
वहिनी

मिरे,

वाचलं. सगळं खरं आहे, फक्त मी एक घोट मागितला होता आणि दोन घेतले. दुकानवाला बिचारा माझी बाजू सांभाळतोय.

शनिवारी निघालीस तर रविवारी सकाळी पोचशील. ये. तिघांचा चहा मी ठेवतो.

दादा